खारिज वस्तूंचा अजबखाना

बिदरमध्ये समोरच्या माणसाचं बोलणं मधेच तुटलं तर काळजी करायची नसते. वर विमान असतं. हवाई दलाची शिकाऊ विमानं दिवसभर शहरावरून जातात. आवाज आला की इथली माणसं तोंडातला शब्द तसाच धरून ठेवतात आणि आवाज विरला की तिथूनच पुढं चालू होतात. भाजीवाली अर्ध्या भावावर थांबते. भांडणारे थांबतात, आणि विमान गेल्यावर तेवढ्याच तावाने पुन्हा भांडतात.

मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पितृपक्षात बिदरच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा तपासायला आले होते. काम दुपारीच आटोपलं. तिथले प्राध्यापक रेवणसिद्ध मला सोडायला तयार नव्हते.

"अक्का, इतक्या लवकर कुठं जायलाव? चला, आमचं बिदर दाखवतो. किल्ला सगळेच बघतेत. तुम्हाला दुसरंच दाखवतो."

त्यांनी जमिनीखालून गेलेल्या जुन्या पाण्याच्या बोगद्याचं एक तोंड दाखवलं. त्यात खडा टाकला की आवाज लांबच्या दुसऱ्या तोंडातून येत होता. बिदरी भांडी घडवणारा एक कारागीर दाखवला, जो किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून पारखत होता. चिमूट तोंडात टाकायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "ही न्हाई." त्या मातीत नायट्रेट असतं आणि त्याने जस्ताचा धातू काळा पडतो, हे मला ठाऊक होतं. जिभेला नेमकं काय कळतं, ते विचारणार होते, तेवढ्यात विमान आलं.

वाटेत गयेहून भावाचा फोन आला. सुधींद्र बंगळुरूला असतो. आमच्या वडिलांचं गया श्राद्ध करायला तो गेला होता.

"ताई, फल्गू नदीवरचं झालं. उद्या सकाळी अक्षय्यवटाखाली शेवटचे पिंड. मग संपलं. पुढच्या वर्षीपासून श्राद्ध घालायला नको, असं इथले गुरुजीही म्हणाले."

"आईला सांगितलंस?"

"तिलाच आधी सांगितलं. बरं म्हणाली."

वडील, म्हणजे मुकुंदराव, आळंदला तहसील कचेरीत भांडार कारकून होते. मी चौथीत असताना ते कामासाठी बिदरला गेले आणि परतीची बस हुमनाबादच्या अलीकडं ओढ्याच्या पुरात वाहून गेली. काही माणसं सापडली, काही सापडली नाहीत. वडील सापडले नाहीत, त्यांची पिशवी सापडली. पिशवीतला डबा आईने धुऊन फळीवर ठेवला. रिवाजाप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. डोक्याच्या जागी नारळ होता. तो फुटला तेव्हा झालेला आवाज मला अजून आठवतो. तेव्हा मी बी. एस्सी.ला होते, शंका फार असायच्या. गुरुजींना विचारलं, ते परत आले तर? गुरुजी म्हणाले, त्यालाही विधी आहे. अशा माणसाला तुपाने न्हाऊ घालायचं, जन्माचे सगळे संस्कार पुन्हा करायचे, बारसं करायचं आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. आई दाराआडून ऐकत होती.

चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजामागच्या एका गल्लीत रेवणसिद्ध थांबले. एका दगडी खोलीवर हाताने रंगवलेली पाटी होती, कन्नडमध्ये, उर्दूत आणि मराठीत: खारिज वस्तूंचा अजबखाना.

"कचेऱ्यांतून काढून टाकलेलं सामान," रेवणसिद्ध म्हणाले. "लिलावात घेतलंय इथं बसणाऱ्या आजोबानं. सरकारच्या कागदावर सगळं मेलेलं हाय. पर आत जाऊन बघा, सगळं चालायलंय. तुम्ही बघा, मी समोर चहा सांगतो."

आत खूप वस्तू होत्या आणि प्रत्येक वस्तू काही ना काही करत होती. भिंतीवरची घड्याळं चालत होती. पोस्टातला शिक्का शाई धरत होता. शाळेची पितळी घंटा, पर्जन्यमापक, दौलताबादी कागदाचा गठ्ठा दाबून बसलेला लोखंडी दाब, खिडकीत फिरणारा टेबलफॅन. त्यांच्यामधे एक फार बारीक म्हातारा स्टुलावर बसला होता. त्याच्याभोवती तिळाचा वास होता. खोलीत तीळ कुठंच दिसत नव्हते.

"या," तो उठून म्हणाला. "इथून सुरू करायचं. ही घंटा बेचिराख झालेल्या शाळेची. आवाज बसला म्हणून खारिज केली. ऐका." त्याने टोल दिला. आवाज स्वच्छ होता. "हा फॅन. फिरत न्हाई म्हणून लिहिलंय. ह्यानं तर मागच्या उन्हाळ्यात मला सर्दी आणली." तो हसला. दात थोडे होते. "आणि हा तराजू. वजन खोटं दाखवतो म्हणून काढला. तुम्हीच बघा."

काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू होता, मी विद्यार्थिनी असताना वापरायचे तसा. शेजारी वजनांची लाकडी पेटी. मी चिमट्याने वजन उचलून पारड्यात ठेवलं, दुसऱ्या बाजूला तेवढंच ठेवलं. काटा डोलला आणि मधोमध येऊन थांबला. तराजू खरा होता.

म्हातारा काट्याकडे पाहत नव्हता. माझ्या हाताकडे पाहत होता.

"डावखुऱ्या आहात."

"हो."

"माझी मुलगी डावखुरी होती. तिची आई तिच्या डाव्या हाताला फडकं बांधायची. मी सोडायचो."

ते फडकं निळं होतं. आईच्या जुन्या लुगड्याचं. मी चिमटा खाली ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आमच्या घरी देवघराशेजारी हार घातलेला फोटो आहे. मी तो रोज पाहते. फोटोतल्या माणसाचं वय वाढवलं, गालाचं मांस काढलं, दात काढले, तर जे उरेल ते समोर उभं होतं.

"मुलीचं नाव काय?" मी विचारलं.

विमान आलं. आम्ही दोघंही थांबलो. खिडकीची तावदानं थरथरली. आवाज विरला.

"सुकन्या," तो म्हणाला. आणि मग, मी काही बोलण्याआधीच, स्टुलावर बसला.

मला ओरडावंसं वाटलं नाही. रडू आलं नाही. मी विचारलं, "बसमध्ये नव्हता तुम्ही?"

"खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली होती. मग चहाला उतरलो. बस सुटली. पिशवी गेली, मी राहिलो." ते तराजूच्या काचेशी बोलत होते. "दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव. बेपत्ता म्हणून. वाचलं, आणि खरं सांगू का, हलकं वाटलं. कामून वाटलं, ते आजपर्यंत कळलं न्हाई. कसला त्रास नव्हता मला घरी. जानकी चांगली होती. म्हटलं, आजचा दिवस राहू. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं. मग एका भंगारवाल्याकडं कामाला लागलो."

"आई बारा वर्षं रात्री दाराला कडी लावत नव्हती."

"असंल," ते म्हणाले.

खाली ठेवलेला चिमटा उचलून फेकून मारावा, असं वाटलं. त्याऐवजी मी तो पेटीत त्याच्या खाचेत ठेवला.

"मग एक दिवस," ते हळूच म्हणाले, "दुपारी भट्टीपुढं बसल्यासारखी अंगाची आग झाली. पोरं पाणी ओतायलेली माझ्यावर. डोकं फुटंल असं वाटलं. संध्याकाळी गार पडलो. तेव्हापासून भूक भागत न्हाई. खातो, पण पोटात काही पोचत न्हाई. वर्षातून एक दिवस भागते. त्या दिवशी दुपारी मी इथं नुसता बसलेला असतो, आणि तोंडात चव येते. वडा, खीर, आमसुलाची चटणी. जानकीच्या हातची. पोट भरतं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उपाशी."

त्यांची मनगटं पाहून ते खोटं वाटत नव्हतं. तरी मी जे शिकले ते असं की एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नसतो.

"गेल्या वर्षीचं सांगा," मी म्हटलं. "काय काय होतं?"

त्यांनी तोंड वाकडं केलं. "गेल्या वर्षी जानकीच्या हातचं नव्हतं. आमटीत कांदा होता."

गेल्या वर्षी आईचं मनगट मोडलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक सुधींद्रने बाहेरून मागवला. श्राद्धाला कांदा चालत नाही हे त्याने तीनतीनदा बजावलं होतं. पानं वाढल्यावर आईने आमटीचा वास घेतला आणि म्हणाली, ह्यात कांदा आहे. आम्ही म्हटलं, नाही गं. गुरुजी बाहेर उभे होते, मुहूर्त जात होता. विषय तिथेच मिटला. त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो.

खोलीतली घड्याळं चालली होती. कुठलंच दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"उद्या सकाळी सुधी गयेला पिंड देणार आहे," मी म्हटलं. "शेवटचे. मग घरी श्राद्ध नाही."

ते उभे राहिले. स्टूल पडलं. "गयेला? मग वर्षाचं?"

"बंद."

"त्याला थांबव. सुकन्या, वर्षातून तेवढंच एक ताट आहे माझं."

"मग आत्ता चला. गाडी आहे, रात्रीच्या जेवणाला घरी पोचू. तुम्ही जिवंत दिसलात की सुधी कशाला पिंड देईल? विधी आहे त्याला. तुपाने न्हाऊ घालतील, बारसं करतील."

"माझं बारसं?" ते मधेच हसले. "आणि नाव कोण ठेवणार?"

"आई."

त्यांनी घंटेवरून हात फिरवला. फॅनचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. आळंदच्या घरी ते निघताना असेच घुटमळायचे हे मला तेव्हा आठवलं. आई म्हणायची, ह्यांचा एक पाय नेहमी उंबऱ्यातच.

"एवढं सगळं असं टाकून कसं येऊ? उद्या येतो. सकाळी लवकर. तू फक्त त्याला तेवढं थांबव."

"आज चला, बाबा."

"उद्या," ते म्हणाले. "नक्की."

रेवणसिद्ध चहाचे पेले घेऊन दारात आले होते. माझं तोंड पाहून त्यांनी पेले खाली ठेवले. "अक्का, बरं न्हाई का तुम्हाला?" मी म्हटलं, आज इथेच राहते. त्यांनी काही न विचारता कॉलेजच्या अतिथिगृहात सोय केली.

तिथल्या गच्चीवरून मी सुधींद्रला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "ताई, तू केमिस्ट्री शिकवतेस ना?"

"कांदा, सुधी. कांद्याचं त्यांना कसं कळलं?"

"कुणीतरी म्हातारा आहे, एकटा आहे, तुला बघून काहीतरी जुळवलं असेल. मी चार तास रांगेत उभा राहिलोय इथं." मग जरा नरमला. "आईला विचार. गयेला जा असं तीच माझ्या मागं लागली होती. ती थांब म्हणाली तर थांबतो."

आईने फोन उचलला तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड होता. मी तिला जपून सांगायचं ठरवलं होतं, पण पहिल्या दोन वाक्यांतच सगळं बाहेर आलं. आई किंचाळली नाही. देवाचं नाव घेतलं नाही.

"बारीक झालेत का गं?" तिने विचारलं.

"फार."

"होणारच."

"आई, तुला काहीच वाटलं नाही?"

"मला ठाऊक होतं, सुकू. पहिल्या वर्षापासनं. पिंडाला कावळा कधी शिवला का? दर वर्षी गुरुजी दर्भाचा कावळा करायचे आणि उरकायचे. लोक म्हणायचे, इच्छा राहिलीय. मी म्हटलं, इच्छा कसली, माणूसच राहिलंय कुठंतरी."

"मग शोधलं का नाहीस?"

"दार उघडं होतं की. यायचं नव्हतं त्यांना." तिचा श्वास ऐकू येत होता. "पण उपाशी कशाला ठेवू? म्हणून वर्षाला सगळं नीट करून वाढत होते. आता माझ्यानं उभं राहवत न्हाई. मी गेल्यावर तो सुधी काय, विकतचं आणून घालणार. कांद्याचं."

मी हसले.

"मी चला म्हटलं त्यांना," मी म्हणाले. "घरी. सगळे विधी करू म्हटलं."

"मग?"

"उद्या येतो म्हणाले."

पलीकडे आई गप्प झाली. माझ्या डोक्यावरून शेवटचं विमान गेलं, दिव्यांसकट. त्याचा आवाज विरला तरी आई बोलली नाही. ती बिदरमध्ये नव्हती, आणि कलबुर्गीत आमच्या घरावरून विमानं जात नाहीत. ती तिच्याच कशासाठी तरी थांबली होती.

"सुधीला थांबवू नको," ती म्हणाली. "सोडू दे त्यांना. इतकी वर्षं उद्याच आहे त्यांचं. एकदा पोट भरू दे आणि मोकळं होऊ दे."

"पण आई, मोकळं होणं म्हणजे नेमकं काय? ते जिवंत आहेत. काय होईल त्यांना?"

"ते मला काय माहीत? तू शिकलेली." मग म्हणाली, "सकाळी पिंडाच्या आधी जा. गाडीत बसले तर घेऊन ये. मी पाणी तापवून ठेवते."

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. उजाडताच मी ड्रायव्हरला उठवलं. जुन्या शहरात दूधवाले फिरत होते. गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून उतरून चालायला लागले. अजबखान्याची पाटी दिसायला लागली तेव्हा फोन वाजला.

"झालं," सुधींद्र म्हणाला. त्याचा आवाज दबला होता. "ताई, कावळा शिवला. पिंड ठेवायचा अवकाश, पहिलाच आला आणि घेऊन गेला. इथं कावळे फार आहेत म्हणा."

मी पळत गेले. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. घड्याळं चालत होती, फॅन फिरत होता. स्टूल जागेवर होतं. तिळाचा वास नव्हता. मी तराजूच्या पेटीला धरून उभी राहिले.

"बाई, आजोबा इकडं हायेत," समोरून हाक आली.

समोरच्या छोट्या हॉटेलचा मालक लिंगराज चुलीपुढे उभा होता. त्याच्या बाकड्यावर माझे वडील जेवत होते. ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, वर चिरलेला कांदा आणि पिळलेलं लिंबू. ते मान खाली घालून, दोन्ही गाल भरून खात होते.

"काय झालंय काय माहीत," लिंगराज मला म्हणाला. "रोज अर्धी भाकर टाकून उठतेत. आज दुसऱ्यांदा ताट मागितलं. आजोबा, वाढू का अजून?"

"बस रे. गच्च झालं पोट." त्यांनी ढेकर दिला. गालांवर रंग आला होता. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि ते तोंडभर हसले. अनोळखी माणसाकडे पाहून चांगली माणसं हसतात तसं.

"म्युझियम बघायला आलाव व्हय बाई? लई सकाळी आलात. थांबा, हात धुतो."

मी त्यांच्या मागे खोलीत गेले.

"इथून सुरू करायचं," ते म्हणाले. "ही घंटा बेचिराख झालेल्या शाळेची. आवाज बसला म्हणून खारिज केली. ऐका." त्यांनी टोल दिला. मग फॅन आणि सर्दी. मग तराजू. मी डाव्या हातात चिमटा घेतला, वजन उचललं आणि मुद्दाम हळूहळू पारड्यात ठेवलं.

"डावखुऱ्या आहात," ते म्हणाले.

"हो."

मी वाट पाहिली. ते काट्याकडे पाहत होते.

"बघा, मधोमध. एवढा खरा तराजू, आणि लोकांनी..."

विमान आलं. ते थांबले, बोट तसंच काट्याकडे धरून. तावदानं थरथरली. त्या आवाजात मी मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, मोठ्याने. एक शब्द होता. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. विमान लांब गेलं.

"...आणि लोकांनी खारिज करून टाकला," ते म्हणाले. "कुठून आलात म्हणायचं?"

"कलबुर्गीहून."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि आई."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "आईला पण घेऊन या एकदा."

दुपारी मी घरी पोचले. बाथरूममध्ये बंब पेटलेला होता, पाणी तापून निवत आलं होतं, शेजारी तुपाची वाटी झाकून ठेवलेली. आई माझ्या मागे दाराकडे पाहत राहिली. मग दार लावून घेतलं.

"जेवले का?" तिने विचारलं.

"जेवले. दोनदा वाढून घेतलं. पोट भरलं म्हणाले."

"कांदा होता?"

"होता. चिरून, वर लिंबू पिळून."

आई हसली. मग तुपाची वाटी उचलून आत गेली, आणि बराच वेळ आतला नळ चालू होता.